घरासंगं वर गेलेल्या रेघा

माणसं घर बांधतात, रंगवतात, भाड्यानं देतात, भावाभावांत बिनसलं तर मधोमध भिंतही घालतात. बोरजळ्याच्या प्रेमानंदनं यातलं काहीच केलं नाही. त्यानं घर उचललं. चांगलं चार फूट वर उचललं, आणि उचलून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आता आत जायचं कसं, याचा विचार कुणीच केलेला नाही. पण ते पुढचं. आधी उचलायची पाळी का आली ते ऐका.

प्रेमानंद वसमतच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होता. काचेच्या खिडकीमागं बसून 'औंढा नागनाथला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे' असं माइकमधून सांगायचं, हे त्याचं काम. तो बोलला की अख्खं स्टँड उठून पळायचं. म्हाताऱ्या बोचकी उचलायच्या, लेकरं चहा अर्धा टाकायची. अशा माणसाला घरी कुणी विचारत नसेल तर त्याचं काय होत असेल, हे ज्याचं त्यानं समजून घ्यावं. घरात माइक होता जनकाबाईच्या हाती, आणि तिला फलाट वगैरे लागत नव्हतं.

मागल्या पावसाळ्यात आसना नदी नेहमीप्रमाणे नदीगल्लीत आली. गव्हाची कोठी भिजली, गाद्या गेल्या, फ्रीज तरंगत मोरीपर्यंत जाऊन दारात अडकला. पाणी ओसरल्यावर जनकाबाईनं घमेली भरभरून गाळ काढला, खराटा भिंतीला टेकवला आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"ऐकून घ्या. पुढल्या साली पाणी उंबऱ्याच्या आत आलं, तर मी उंबऱ्याच्या बाहेर. नांदेडला दादाकडं जाईन ते परत येणार न्हाई. तुमी आन् तुमची नदी करा संसार."

प्रेमानंद हसला. तिनं तिथल्या तिथं दोन लुगडी, टॉवेल आणि अंगावरची शाल एका पिशवीत कोंबली आणि पिशवी माळ्यावर ठेवून दिली. मग तो हसायचा थांबला. जनकाबाई रागावून बोलली तर काळजी नसायची. शांतपणे आवराआवर करायला लागली की समजायचं, मामला संपला.

घर विकावं तर नदीगल्लीतलं घर घेतो कोण? आणि घेणारा मिळाला असता तरी जळबाबानं त्याला दारात उभं केलं नसतं. जळबाबा म्हणजे प्रेमानंदचे वडील. घराची एकेक वीट त्यांनी स्वतःच्या हातानं लावलेली. त्यांची एक रीत होती. पूर आला की पाणी जिथवर चढलं तिथं आतल्या भिंतीवर गेरूनं रेघ मारायची आणि तिला नाव द्यायचं. ज्या पुरात गल्लीतल्या थावराची म्हैस वाहून गेली ती थावराची रेघ. ज्या पुरात वर शाळेच्या ओसरीत समोरच्या अमरसिंगच्या लेकीचा, मिनाचा जन्म झाला ती मिनाची रेघ. 'यंदा पाणी येत न्हाई, झोपा निवांत' असं सांगून स्वतः निवांत झोपलेला ग्यानोबा खाटेसकट तरंगत सापडला, त्याचीही एक रेघ होती. घराला रंग द्यायचा तर रेघा सोडून द्यायचा, असा दंडक.

"गावानं आपल्याला जागा देली ती नदीच्या बाजूची," जळबाबा म्हणायचे. "पाणी पहिलं आपल्यालाच भेटाया येतं. मंग आपण बिऱ्हाड घेऊन वर गावात पळायचं, शाळेच्या ओसरीत बसायचं, आन् गाव इचारतं, पुन्हा आले का? जसं काही आपणच पाणी आनलं." हे ते हसत सांगायचे, पण ऐकणाऱ्याला हसू यायचं नाही.

तर अशा पेचात असताना प्रेमानंदनं मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. हरियाणाचे ठेकेदार आख्खंच्या आख्खं घर जॅकवर उचलतात, खाली विटांचं बांधकाम करतात आणि घर अलगद त्यावर ठेवतात. प्रेमानंदनं तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला की मोबाइल गरम झाला. मग त्यानं चूक केली. शेजाऱ्यांना दाखवला.

सल्ला ही अशी वस्तू आहे की मागितला नाही तरी घरपोच येतो. कुणी म्हणालं, वाळूची पोती रचा. कुणी म्हणालं, काहीच करू नका, पंचनामा होतो तोच बरा. समोरचे अमरसिंग म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर, जॅक म्हटल्यावर तर खुर्ची टाकूनच बसले.

"कंट्रोलर, जॅकचं आपल्याला सांगू नको. जलमभर बसा उचलल्या. पण बसचं चाक बदललं की ती खाली येती. तुझं घर वरच राहनार म्हन्तो. बराबर हाय का हे?"

"बराबर हाय."

"मंग त्याला चारी बाजूंनी टायरं बी लावून घे. पूर आला की ढकलत नेऊ माळावरच्या तांड्यावर."

त्यांची बायको जमनाबाई पदर तोंडाला लावून हसली. प्रेमानंदच्या काळजाला ते टायर फार लागलं. त्यानं ठेकेदाराला फोन केला.

परवानगीची गंमत वेगळीच झाली. नगरपंचायतीच्या बांधकाम विभागात शितल मॅडम नावाच्या तरुण इंजिनियर होत्या. हुशार, सरळ आणि नियमाला पक्क्या.

"नवीन बांधकाम?" त्यांनी विचारलं.

"न्हाई मॅडम. घर तेच."

"मजला वाढवताय?"

"मजला बी तोच."

"मग पाडताय?"

"पाडत न्हाई, वर नेतोय. तेच घर, तिथंच, फक्त वर."

मॅडमनी नियमांचं पुस्तक पुढून मागं आणि मागून पुढं चाळलं. घर बांधायला नियम होता, पाडायला होता, गुरांच्या गोठ्याला होता. घर वर जाण्याला नव्हता. "जमिनीवर तुम्ही काही वाढवत नाही, आणि हवा आमच्या हद्दीत येत नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "करा. पण एक इंचही रस्त्यात येऊ देऊ नका." प्रेमानंद पेढे घेऊनच घरी आला. त्या शेवटच्या वाक्यात काय दडलंय हे त्याला तेव्हा कुठं ठाऊक?

उन्हाळ्यात रामसिंग नावाचा ठेकेदार माणसं आणि ट्रकभर जॅक घेऊन हजर झाला. "तू बी सिंग, मी बी सिंग," म्हणत अमरसिंगनं पहिल्याच दिवशी त्याच्याशी नातं जोडलं आणि हक्कानं कामात लुडबूड सुरू केली. पायाशी खोदून भिंतींखाली रांगेनं जॅक लागले. रामसिंगनं शिट्टी मारली की सगळ्यांनी एकदम दांडा फिरवायचा, अशी ती पद्धत. किती उचलायचं हे जळबाबानं ठरवलं. थावराची रेघ, म्हणजे सगळ्यात वरची, ती जमिनीपासून मापली आणि वर थोडं धरलं.

सामान काढलं, जनकाबाई समोर जमनाबाईकडं गेली. जळबाबा मात्र खाटेवरून उठेनात.

"बाबा, बाहेर या. घर उचलायचंय."

"मंग उचला की. घर वर जाऊन राहिलं, मी काहून खाली उतरू?"

"काही झालं तर?"

"जलमभर पाणी आलं की खाली-वर मीच केलं. आता घराला करू दे."

रामसिंगनं डोक्याला हात लावला. "बाबूजी को रहने दो, वजन ज्यादा नहीं है," तो म्हणाला. झालं! शिट्टी वाजायची, घर बोटभर वर जायचं आणि आतून जळबाबाचा खोकला थोडा वरून ऐकू यायचा. त्यांचा चहा डब्यात घालून दोरीनं खिडकीतून वर जाऊ लागला. शिरड शहापूरपासून माणसं बघायला आली. त्यात काहींनी घर बघितलं, बाकीच्यांनी जळबाबाला. अमरसिंगला गर्दी आवरेना, म्हणून त्यांनी एकदा रामसिंगच्या शिट्टीच्या मधेच कंडक्टरसारखी डबल शिट्टी मारली. एका बाजूच्या गड्यांनी दांडे फिरवले, दुसऱ्या बाजूचे थांबले. घर एका अंगानं कललं.

आतून पितळी तांब्या गडगडत कोपऱ्यात गेल्याचा आवाज आला. प्रेमानंद खिडकीकडं धावला.

"बाबा! बाबा, बरे हाव ना?"

"मी बरा हाव," आतून शांत आवाज आला. "खाट फिरली. आता नदी दिसून राहिली. अशीच ठेवा."

तशी ठेवली नाही. रामसिंगनं तासाभरात घर सरळ केलं आणि अमरसिंगना हात जोडून गल्लीच्या टोकाला बसवलं. पुढं काही विपरीत न होता घर पूर्ण वर गेलं, खाली भक्कम जोतं बांधून झालं, आणि हरियाणाची मंडळी जॅक घेऊन निघून गेली. गुलाबी घर चार फूट उंचावर दिमाखात उभं. दार उघडं. दारात जळबाबा.

आणि दाराखाली काहीच नाही.

ठेका घराचा होता. पायऱ्यांचा नव्हता. घर गल्लीच्या कडेला अगदी खेटून, त्यामुळं पायरी करायची म्हटलं की ती रस्त्यात येणार, आणि 'एक इंचही' हे मॅडमचे शब्द तर प्रेमानंदच्या कानात अजून ताजे होते. मग शिडी लावली. रोज सकाळी कंट्रोलरसाहेब इस्त्रीच्या गणवेशात, भिंतीकडं तोंड आणि गल्लीकडं पाठ करून, चाचपत चाचपत पाय खाली टाकायचे, आणि गल्लीतली पोरं एका सुरात ओरडायची, "फलाट क्रमांक एकवर गाडी लागलेली आहे!" त्याच आठवड्यात अख्ख्या बोरजळ्यानं घराचं नाव 'फलाट' पाडलं. सिलिंडरवाला म्हणाला, हा दुसरा मजला धरतो आम्ही, वरचे पैसे पडतील. नांदेडहून जनकाबाईचा दादा मुद्दाम नवं घर बघायला आला. त्याचे गुडघे दुखरे. तो दोन दांडे चढला, तिथंच अडकला, माणसांनी उतरवला. बिचाऱ्यानं गल्लीत सतरंजीवर बसून जेवण केलं आणि मान वर करून बहिणीशी गप्पा मारल्या.

"पाणी येईल न येईल," दादा गेल्यावर जनकाबाई म्हणाली, "माहेरचं माणूस तर यायचं बंद झालं." पिशवी अजून माळ्यावर होती.

त्या दिवशी प्रेमानंदनं नियम, इंच, सगळं गुंडाळून ठेवलं आणि गवंड्याला बोलावलं. सिमेंटच्या सहा पायऱ्या झाल्या. सहाच्या सहा सरळ रस्त्यात.

कुणी काही बोललं नाही. बोललंही नसतं, पण मधेच नदीच्या पूररेषेचा नकाशा करणारे सर्वेवाले आले. प्रेमानंद ड्युटीवर होता. त्यांनी दारातल्या जळबाबाला विचारलं, "बाबा, मोठ्यातला मोठा पूर कुठवर आलता?" असा प्रश्न आजवर कुठल्या साहेबानं विचारला नव्हता. जळबाबानं आनंदानं त्यांना आत नेलं आणि थावराची रेघ दाखवली. त्यांनी दुर्बीण लावली, उंची टिपली, चहा घेतला आणि गेले. जळबाबा खोटं बोलले नाहीत. पाणी त्या रेघेलाच लागलं होतं. फक्त रेघ घरासंगं चार फूट वर गेली होती, आणि 'हे घर पूर्वीपासून एवढ्याच उंचीवर आहे का' असं घराला कुणी विचारत नसतं.

नकाशा आला तेव्हा बोरजळ्यात हाहाकार उडाला. त्या हिशेबानं पाणी बाजार ओलांडून थेट नगरपंचायतीच्या कार्यालयात जात होतं. कार्यालयावर नवा मजला मंजूर झालेला, तोच अडकला, कारण पूररेषेत बांधकाम चालत नाही. शोध घेत घेत शितल मॅडम नदीगल्लीत आल्या. रेघ बघितली, घर बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"प्रेमानंदराव, तुमच्या घरानं शासनाची दिशाभूल केली."

"मॅडम, घर काही बोललं न्हाई."

"घर वर नेण्याला नियम नाही, म्हणून मला काही करता येत नाही. पण पायऱ्यांना आहे." त्यांनी नोटीस हातात ठेवली. "पाऊस उघडला की जेसीबी येईल."

प्रेमानंद वरच्या पायरीवर बसून राहिला. घर वाचलं तर पायऱ्या जाणार, पायऱ्या गेल्या तर जनकाबाई जाणार. एवढं करून शेवटी हातात काय, तर शिडी! अमरसिंग समोरून आले, शेजारी बसले आणि त्यांनी सल्ला दिला नाही. त्यावरून प्रेमानंदला प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं.

पाऊस काही उघडला नाही. सप्टेंबरात सलग झड लागली, आणि एका सकाळी आसना पात्र सोडून निघाली. शितल मॅडमची पूर-ड्युटी होती. त्या भोंगा लावलेली रिक्षा घेऊन नदीगल्लीत आल्या. "नागरिकांनी तात्काळ शाळेत जावे," असं भोंगा सांगत असतानाच गल्लीतून वर शाळेकडं जाणारा नळकांडी पूल पाण्याखाली गेला. दरवर्षी पूल शेवटी बुडायचा. यंदा सगळ्यात आधी बुडाला. शाळा वर राहिली, गल्ली खाली राहिली, आणि मॅडमही खाली राहिल्या.

बायाबापड्या लेकरं काखोटीला मारून पुलाकडं धावल्या, तिथं पाणी बघून मागं फिरल्या. सगळ्यांच्या नजरा एकाच जागी गेल्या. गल्लीत उंच असं एकच ठिकाण होतं.

प्रेमानंद वरच्या पायरीवर उभा होता. समोर गोंधळ, आरडाओरड, जो तो दुसऱ्याला ढकलतोय. हे दृश्य त्याच्या ओळखीचं होतं. सणासुदीला स्टँडवर हेच बघायचा तो. त्यानं छाती भरून घेतली.

"नदीगल्लीच्या सर्व प्रवाशांनी लक्ष द्यावं! ढकलाढकली करू नये! पहिल्यांदा लेकुरवाळ्या आणि म्हातारी माणसं! शेरडं, कोंबड्या मागच्या खोलीत! चपला खाली सोडू नका, हातात घ्या!"

आणि काय सांगावं, गल्ली थांबली. रांग लागली. ज्या पोरांनी फलाट म्हणून चिडवलं होतं ती निमूट चपला हातात घेऊन चढली. जमनाबाई कोंबडीच्या डालग्यासकट वर आली. थावरा आला, ग्यानोबा आला, ह्या खेपेला जागा असलेला. जनकाबाईनं मोठं पातेलं चुलीवर चढवून खिचडी टाकली.

"मॅडम कुठंय?" प्रेमानंदनं विचारलं.

मॅडम गल्लीच्या तोंडाशी बंद पडलेल्या रिक्षाच्या सीटवर उभ्या होत्या आणि पाणी त्यांच्या पायांशी आलं होतं. अमरसिंगनं इकडंतिकडं बघितलं. त्यांच्या अंगणात हळद शिजवायची लोखंडी कढई पालथी पडली होती, चार माणसं बसतील एवढी. त्यांनी आणि थावरानं ती सुलटी केली, हातात वासे घेतले आणि निघाले. गोल भांड्याला ना पुढं ना मागं. कढई गरगर फिरत चालली. अमरसिंग एकदा तोंडानं जात होते, एकदा पाठीनं, पण ड्रायव्हरचा रुबाब सुटला नाही. मॅडमना उचलून आत घेतलं आणि तशीच गिरक्या घेत कढई पायऱ्यांना येऊन लागली.

शितल मॅडमना चक्कर आली होती. त्यांनी बुडालेल्या दोन पायऱ्या चाचपल्या, तिसरीवर पाय ठेवला आणि मान वर करून प्रेमानंदकडं बघितलं. दोघांच्याही मनात नोटीस आली.

"या मॅडम," प्रेमानंदनं हात दिला. "सावकाश. पायऱ्या पक्क्या हायत."

मग पाणी चढू लागलं. तिसरी पायरी गेली. चौथी गेली. घरात चाळीसेक माणसं दाटीवाटीनं उभी. प्रेमानंद एकदा उंबऱ्याकडं बघायचा, एकदा माळ्याकडं. पाचवी पायरी ओली झाली, मग दिसेना. सहावीच्या कडेला एक लाट आपटली, मागं गेली, पुन्हा आली, तिथंच खेळत राहिली. बराच वेळ गेला. पाचवी पायरी पुन्हा दिसली तेव्हा जळबाबा म्हणाले, "चाललं. पाव्हणं माघारी चाललं," आणि घरात एकच गलका झाला.

त्या गलक्यात प्रेमानंदनं पाहिलं, जनकाबाई स्टुलावर चढून माळ्यावरची पिशवी काढतेय. पाणी आत आलं नाही, मग ही का निघाली?

जनकाबाईनं गाठ सोडली. एक लुगडं जमनाबाईला दिलं, एक भिजून कुडकुडणाऱ्या मॅडमना, टॉवेल लेकरांना वाटले, शाल सासऱ्याच्या खांद्यावर टाकली. रिकामी पिशवी तिनं झटकली आणि नवऱ्याच्या हातात दिली.

"घ्या. बाजाराला व्हईल," ती म्हणाली. प्रेमानंदला एकदम रडूच आलं, म्हणून तो खिचडीत मीठ बघायला गेला.

दुपारी पाणी उतरलं तसं जळबाबानं गेरूचा खडा शोधला आणि सवयीनं भिंतीकडं वळले. तिथं ओल कुठाय? ते थबकले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना रेघ मारायला घराबाहेर पडावं लागलं. सहाव्या पायरीच्या कडेवर, जिथं चिखल चिकटला होता, तिथं त्यांनी आडवी रेघ ओढली आणि तिथंच बसले.

"प्रेमानंदा," ते म्हणाले, "आजवर पूर आला की आमी गावात वर पळालो. गावाच्या ओसरीत बसलो. आज सरकार बी, गल्ली बी, आपल्या घरात वर आली. कुणी इचारलं न्हाई, पुन्हा आले का." मग ते मोठ्यानं हसले, आणि ह्या वेळी सगळेच हसले.

शितल मॅडम जनकाबाईच्या लुगड्यात पायरीशी उभ्या होत्या. त्यांनी रेघेकडं निरखून बघितलं. "बाबा, ही रेघ खरी. हीच नकाशात घ्यायला लावते. मग आमचं कार्यालय सुटतं."

"घ्या की."

"फक्त एक अडचण आहे," मॅडम प्रेमानंदकडं वळल्या. "ह्याच्यावर आता लाल रंगानं शासकीय खूण येणार. आणि शासकीय खूण असलेलं बांधकाम पाडता येत नाही. तसा नियम आहे."

"कुठल्या पुस्तकात?" प्रेमानंदनं बिचकत विचारलं.

"मी शोधून काढते," मॅडम म्हणाल्या.

पुढल्या महिन्यात लाल खूण आली. प्रेमानंद रोज ड्युटीला निघताना तिच्यावर पाय पडणार नाही अशी काळजी घेऊन, गल्लीकडं तोंड करून, छाती काढून उतरतो. पोरं अजून 'फलाट' म्हणतात, पण आता तो मान डोलावून 'गाडी वेळेवर आहे' असं उत्तर देतो. जनकाबाईनं मात्र खूण लागली त्याच दिवशी नांदेडला फोन लावला. "दादा, गुडघ्याची फिकर करू नको, जेवायला ये," ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आमच्या पायऱ्या सरकारी झाल्यात!"